हमवार जमिनीच्या शोधात

रत्नागिरी तालुक्यात कुठेही पायी निघालात तर दहा मिनिटांत एक तरी पाखाडी चढावी नाहीतर उतरावी लागते. वर सडा, खाली खाडी आणि मधल्या उतारावर घरे. आमच्या खाडीकाठच्या गावात पत्तासुद्धा पायऱ्यांवरून सांगतात: मशिदीच्या पायऱ्यांपासून डावीकडे, विहिरीच्या पायऱ्या उतरून तिसरे घर. पायी चालणाऱ्याला याचे काही वाटत नाही, स्कूटरवाल्यालाही नाही. आपल्या गावची जमीन किती वाकडी, किती खडबडीत आहे हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले, आणि तेही वीस इंची चाकाच्या एका सायकलीमुळे.

सायकल माझ्या भाच्याची. मेहुणे अठरा वर्षे कुवेतला नोकरीला होते. कंपनीने करार वाढवला नाही, तेव्हा आपा दोन्ही मुलांना घेऊन कायमची गावी आली. भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याचा जन्म तिकडचा, शाळा तिकडची. सुट्टीत महिनाभर आजोळी येणे वेगळे आणि इथेच राहणे वेगळे. घरात तो आमची कोकणी बोली बोलतो, पण शाळेतली मराठी त्याला जड जायची. इथल्या पोरांसारखे क्रिकेटही त्याला येत नव्हते. सामानात त्याने हट्टाने एकच वस्तू आणली होती, सुटे भाग करून खोक्यात भरलेली ही सायकल. पावसाळाभर ती पडवीत उभी होती आणि तो तिच्या शेजारी बसलेला. पाऊस उघडला तेव्हा एका संध्याकाळी तो म्हणाला, "मामू, सायकल हाय, पण चालवायला जमीनच नाय."

ज्या मुलाने तीन महिन्यांत जेवणापलीकडे फारसे काही मागितले नव्हते, त्याने जमीन मागितली. म्हटले, चल, शोधू. पुढचे दोन-अडीच महिने दर रविवारी आम्ही मामा-भाचे सपाट जमिनीच्या शोधात फिरलो. त्या फिरण्याचा हा वृत्तान्त.

खेळ कसला आहे?

या खेळाला फ्लॅटलँड म्हणतात. बीएमएक्स सायकलीचे जे प्रकार आहेत त्यातला हा सर्वांत शांत. उंच उड्या नाहीत, लाकडी उतार नाहीत, शर्यत नाही. दोन्ही चाकांच्या आसांना दोन्ही बाजूंनी आखूड नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना पेग म्हणतात. मुलगा पॅडल सोडून त्या पेगवर उभा राहतो आणि सायकल एका चाकावर तोलून गोल फिरवतो, मागे चालवतो, हँडल उलटे करून तिच्याभोवती स्वतः फिरतो. पाय जमिनीला लागला की डाव मोडला. पाहणाऱ्याला ती सर्कस वाटते. खरा प्रकार तोलाच्या अभ्यासाचा आहे आणि एकेक डाव बसायला महिने जातात. आमच्या उर्दूच्या वर्गात खुशखत शिकणारा मुलगा एकच अलिफ शंभरदा काढतो, त्याच जातीची ही मेहनत.

या खेळाचा जन्मच मोकळ्या फरसबंद जागेवर झाला. १९७० नंतर अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात मुले मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींची नक्कल लहान सायकलींवर करू लागली, ते बीएमएक्स. त्याच दशकाच्या शेवटी बॉब हॅरो आणि त्याच्यासारखी काही मुले शर्यत सोडून सायकलीच्या कसरती करू लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये जमणारी मुले १९८० नंतर त्यासाठी प्रसिद्ध झाली. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क या साध्या गावातल्या केव्हिन जोन्सने एका जागी उभे राहून करायच्या कसरतींना चालती गती दिली आणि खेळाचे रूपच पालटले. आज जपानी मुले-मुली यात आघाडीवर आहेत. २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडू शहरात जागतिक सायकल संघटनेच्या स्पर्धेत फ्लॅटलँडला पहिल्यांदा विश्वविजेतेपदाचा मान मिळाला.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट दिसली. या मुलांना कोणी स्टेडियम बांधून दिले नव्हते. बाग, बंद दुकानासमोरची गाड्या लावायची जागा, रिकामे टेनिस कोर्ट, जिथे जमीन चांगली तिथे ती जमली. आधी जमीन सापडली, मग तिथे दोस्त जमले. आमच्या भाच्यालाही या दोन्ही गोष्टी हव्या होत्या. त्याने त्यातली एकच बोलून दाखवली होती.

जमिनीची परीक्षा

उर्दूत एक सुरेख शब्द आहे, हमवार. मराठीत आपण सपाट म्हणतो, समतल म्हणतो. पण हमवारमध्ये सपाट, एकसारखे आणि अडथळा नसलेले असे तिन्ही अर्थ येतात. कामाची वाट मोकळी करण्यालाही उर्दूत राह हमवार करणे म्हणतात. भाच्याला हवी होती ती जमीन नुसती सपाट नव्हे, हमवार.

मोठ्या चाकाच्या सायकलीला बारीक खडा जाणवत नाही. इथे चाक लहान, टायर हवेने दगडासारखा टणक भरलेला आणि सगळे वजन एकाच चाकावर. हरभऱ्याएवढा खडा आला तरी चाक अडते आणि मुलगा पुढे फेकला जातो. म्हणून आम्ही चार परीक्षा ठरवल्या.

पहिली गोटीची. जमिनीवर काचेची गोटी ठेवायची. ती आपणहून पळाली तर उतार जास्त. गोल फिरणारी सायकल अशा जागी प्रत्येक फेरीला उताराकडे ओढली जाते आणि वर्तुळाचे अंडे होते.

दुसरी हाताची. तळहात जमिनीवर दाबून फिरवायचा. सोलवटला तर जमीन फार खरखरीत, पडल्यावर कातडी जाणार. नुसता घसरला तर फार गुळगुळीत, टायर धरणार नाही. या दोहोंच्या मधले काही हवे.

तिसरी खडूची. खडू आडवा धरून लांब रेघ ओढायची. रेघ जिथे तुटते तिथे भेग, सांधा किंवा खळगा आहे.

चौथी पाण्याची. बादलीभर पाणी ओतून पंधरा मिनिटांनी पाहायचे. जिथे डबके राहिले तिथे पुढच्या पावसाळ्यात शेवाळ येणार.

या चार परीक्षांसाठी लागणारे सामान माझ्या शाळेच्या पिशवीत मावायचे. खडू तर माझ्याकडे कायमच असतो.

रविवारचे फिरणे

सुरुवात घरापासून केली. आमच्या अंगणात चिरे बसवलेले आहेत. जांभा दगड सच्छिद्र, त्याला बोट घातले तर बोट अडकेल अशी भोके. आपाच्या अंगणात नवे पेव्हर ब्लॉक आहेत. दिसायला छान, पण प्रत्येक ब्लॉकची कड उतरती असते, त्यामुळे लहान चाक खडखडत जाते आणि तोल राहत नाही. शेजारच्या कुळवाडी घराचे शेणाने सारवलेले खळे पाहिले. हाताला इतकी मऊ आणि एकसारखी जमीन दुसरी नाही. पण ती भात झोडायची जागा. टणक टायरने एका दिवसात तिची पापुद्री निघाली असती. त्या घरच्या आजींनी चहा दिला आणि आम्ही काही न विचारताच परत आलो.

गावातला रस्ता डांबरी. डांबरात खडी वर आलेली असते आणि रस्ता पावसाच्या पाण्यासाठी मधे उंच व कडेला उतरता केलेला असतो. गोटी सरळ गटारात गेली. हातखंब्याजवळ मुंबई-गोवा महामार्गाचे काँक्रीट पाहून भाच्याचे डोळे चमकले, पण तिथे ट्रक धावतात. शिवाय टायरला पकड मिळावी म्हणून त्या काँक्रीटवर मुद्दाम आडव्या रेषा ओढलेल्या असतात. मोटारीला त्या हव्यात, आम्हाला नकोत.

भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते. आम्ही लहानपणी भाड्याच्या सायकली तिथेच शिकलो. भाच्याने दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही चाकांवर सायकल छान पळाली. एका चाकावर उभी करताच टायर वाळूत रुतला. घरी येऊन त्याने तासभर गोड्या पाण्याने सायकल धुतली. खारी हवा आणि खारी वाळू छऱ्यांचा आणि साखळीचा जीव घेते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

मिरकरवाड्याच्या बंदरातल्या धक्क्यावर काँक्रीट आहे, पण ती कामाची जागा. जाळी पसरलेली, दोर पडलेले, मासळीचे पाणी आणि खवले. तिथे खेळायला जागा मागणे म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात चटई टाकण्यासारखे झाले असते. आम्ही कडेला उभे राहून होड्या पाहिल्या. पहिल्यांदाच भाच्याने मला इथल्या होड्यांची नावे विचारली.

मग सड्यावर गेलो. कोकणचा सडा म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेला जांभ्याचा कातळ. पावसाळ्यानंतर त्यावरचे गवत पिवळे पडू लागते आणि मधे मधे काळपट उघडा दगड दिसतो. लांबून वाटते, यापेक्षा सपाट काय असणार? जवळ गेल्यावर कळते की तो सगळा कातळ खवल्या-खवल्यांचा आहे. उक्षीला आम्ही कातळशिल्प पाहिले. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी त्या कातळात हत्ती कोरून ठेवला आहे. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. अशा जागी सायकलच काय, चप्पलसुद्धा जपून टाकावी. पण ज्याने हत्ती कोरला त्यानेही आधी सड्यावर फिरून चांगला कातळ शोधला असेल, असे भाचा म्हणाला. मला ते पटले.

परतताना एक बंद चिरेखाण लागली. हल्ली चिरे मशीनने कापतात, त्यामुळे खाणीचा तळ पाटासारखा सरळ दिसतो. गोटी जागेवर थांबली. मात्र खडूची रेघ दर वीतभरावर तुटली, कारण मशीनच्या पात्याचे चर तळावर राहिलेले. शिवाय लाल धूळ, आणि तिन्ही बाजूंना कापलेल्या उभ्या भिंती. एकट्या मुलाने जावे अशी ती जागा नव्हे.

एका शाळेच्या आवारात बास्केटबॉलचे कोर्ट आहे. अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद, चांगल्या घोटाईचे. फाटकावरच्या माणसाने आत जाऊ दिले नाही. मी लेखी अर्ज दिला, त्याला उत्तर आले नाही. माझी त्यावर फारशी तक्रार नाही. कोणी पडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न मीही माझ्या शाळेत रोज ऐकतो. पण सुट्टीच्या दिवशी कुलुपाआड पडून असलेली अशी किती मैदाने आपल्या जिल्ह्यात असतील, हा विचार मात्र मनातून जात नाही.

शेवटी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ओळखीच्या एका गृहस्थांचे गोदाम रिकामे होते. एका रविवारसाठी त्यांनी चावी दिली. दार सरकवले आणि भाचा उंबऱ्यातच थांबला. राखाडी, लांबरुंद, एकसंध जमीन. गोटी थांबली, खडूची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. त्या दिवशी त्याने चार तास सायकल चालवली. मागच्या चाकावर उभा राहून तो सलग सहा गोल फिरला. मी त्याला तसे फिरताना आणि तसे हसताना पहिल्यांदा पाहिले. सोमवारी तिथे माल येणार होता. पण चांगली जमीन कशी असते हे मला त्या दिवशी समजले, आणि ती आकाशातून पडत नाही, कोणीतरी बनवते, हेही.

मेस्त्री चाचांचा हात

बनवणारा माणूस आमच्याच मोहल्ल्यात निघाला. आमच्या वाडीत सत्तरीकडे झुकलेले एक मेस्त्री आहेत. सगळे त्यांना मेस्त्री चाचा म्हणतात. बावीस वर्षे त्यांनी दुबई आणि शारजात गोदामांच्या जमिनी घोटल्या. आपल्याकडे त्यांनी कधी ते सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. मी गोदामाचे वर्णन केले तेव्हा म्हणाले, "सर, ती ट्रिमिक्सची जमीन. काँक्रीट ओतायचे, वरून चटई टाकून पंपाने जास्तीचे पाणी खेचून घ्यायचे, मग फिरत्या पात्यांच्या मशीनने घोटायचे. पाणी जास्त राहिले की जमीन कच्ची." मग त्यांनी भाच्याला विचारले, "तुला केवढी पाहिजे?" भाचा म्हणाला, वीस बाय वीस फूट मिळाली तरी पुरे.

आमच्या जमातखान्याच्या मागे एक पटांगण आहे. शादीच्या वेळी तिथे देगा चढतात. जुना कोबा, जागोजाग भेगा, विस्तवाने काळे पडून उडालेले पापुद्रे आणि मधोमध पाण्याचे डबके. वर्षातले मोजके दिवस सोडले तर तिथे कोंबड्या फिरतात. मेस्त्री चाचांनी पाणसळ लावून पाहिली आणि म्हणाले, "खालचे काँक्रीट जिवंत आहे. वरचा थर मेलाय."

पण पटांगण जमातीचे. जुम्माच्या नमाजानंतर सदर साहेबांनी मीटिंग ठेवली. आक्षेप आले आणि ते खोटे नव्हते. शादीचे जेवण कुठे रांधायचे? नमाजाच्या वेळी आवाज झाला तर? मूल पडले तर? एका बुजुर्गांनी विचारले, "हे शिकून पोराला नोकरी लागणार आहे का?" मी उत्तर देणार तेवढ्यात मेहुणे उठले. ते मीटिंगमध्ये फार बोलत नाहीत. म्हणाले, "नोकरी मी अठरा वर्षे केली. पोराशी बोलायला वेळ नाही मिळाला. आता तो गावातल्या पोरांबरोबर कुठेतरी उभा राहावा, एवढेच मागतोय. खर्च मी निम्मा देईन."

ठरले ते असे. पटांगण पहिल्यांदा जमातीच्या कामासाठी, मग मुलांसाठी. अजान झाली की सायकल थांबणार, नमाज संपेपर्यंत कोणी फिरणार नाही. हेल्मेटशिवाय कोणी चढणार नाही. पेगवर प्लास्टिकचे आवरण हवे, म्हणजे सायकल पडली तरी जमीन उकरणार नाही. देगा यापुढे कडेच्या मातीच्या पट्ट्यावर लोखंडी चुलांवर चढणार. शेवटची अट मेस्त्री चाचांची होती, कारण काँक्रीटवर थेट विस्तव पेटवला की आतला ओलावा फुगून पापुद्रे उडतात. खानसाम्यालाही ते सोयीचे वाटले. डबक्यात उभे राहून बिर्याणी करण्याचा त्यालाही कंटाळा होता. इजाजत एका वर्षाची, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

जमीन कशी केली

गावोगावच्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हे थोडे तपशिलाने लिहितो. जागा घेतली चोवीस बाय चोवीस फूट. जुन्या कोब्याचा मेलेला थर मोहल्ल्यातल्या मुलांनी छिन्नी-हातोडीने दोन रविवार खपून काढला. खालची जमीन तारेच्या ब्रशने घासली, धुतली आणि रात्रभर ओली ठेवली. कोरड्या जुन्या काँक्रीटवर नवे ओतले तर जुने काँक्रीट नव्यातले पाणी शोषून घेते आणि दोन्ही एकजीव होत नाहीत.

उताराचा प्रश्न मोठा होता. गवंडी सहसा पटांगणाच्या मधे जाळी ठेवून चारही बाजूंनी उतार देतात. त्या बशीसारख्या जमिनीवर सायकल गोल फिरत नाही. अगदी पाण्यासारखी समतल करावी तर आमच्याकडच्या पावसात तळे साचणार. मेस्त्री चाचांनी लेव्हल पाइप धरून एकाच बाजूला उतार दिला, चोवीस फुटांत दीड इंच. पाणी हळूहळू निघून जाते आणि चाकाला तो उतार जवळजवळ कळत नाही. बांधकामाच्या हिशेबात हे कोणी शिकवत नाही. त्यांनी भाच्याला सायकल चालवायला सांगून, त्याच्याकडे पाहून तो उतार ठरवला.

दोन इंच जाडीच्या थराला सतरा गोण्या सिमेंट लागले. समुद्राची वाळू अजिबात वापरली नाही. तिच्यातले मीठ पुढे त्रास देते. खाणीची बारीक कच धुऊन घेतली. काम डिसेंबरात, ऊन उतरल्यावर सुरू केले, म्हणजे वरचा थर घाईने सुकून तडकत नाही. आधी रंध्याने सरळ केले, मग लाकडी गुरमाळा. अंगठा दाबला की जेमतेम ठसा उठेल, तेव्हा लोखंडी थापी. आपल्याकडे बरेच गवंडी घोटताना वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात आणि पाणी शिंपडतात. त्याने जमीन त्या दिवशी चकाकते आणि वर्षभरात धूळ सोडू लागते. चाचांनी तो मोह कोणाला होऊ दिला नाही. आरशासारखी चमक यायच्या एक हात आधीच थांबले. म्हणाले, "चमक पाहुण्याला, पकड पोराला."

दुसऱ्या दिवशी कटरने सूतभर रुंद आणि पाऊण इंच खोल अशा दोन रेषा काढून जमिनीचे चार समान भाग केले. काँक्रीट आकसते तेव्हा कुठेतरी तडकतेच. ते आपण सांगितलेल्या जागी तडकावे म्हणून या रेषा. नंतर त्या लवचिक मसाल्याने बरोबरीला भरून घेतल्या. मग दहा दिवस ओले गोणपाट. पाणी मारायची पाळी मुलांनी वाटून घेतली आणि फज्रनंतरची पाळी भाच्याने स्वतःकडे ठेवली. पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणून तोवर सायकल नाही. त्या अठ्ठावीस दिवसांत पटांगणाभोवती रोज संध्याकाळी दहा-बारा मुले नुसती उभी राहायची.

ज्यांना एवढे करणे शक्य नाही त्यांच्यासाठी सोपे उपायही आहेत. जुन्या जमिनीतली भेग छिन्नीने थोडी रुंद करा, फुंकून साफ करा, ओली करा आणि बाँडिंगचे द्रव्य घातलेल्या बारीक मसाल्याने बरोबरीला भरा. वर आलेला उंचवटा ग्राइंडरने घासून काढा. शेवाळ असेल तर ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. सर्वांत स्वस्त उपाय झाडू आहे. आधी खराटा खड्यांसाठी, मग मऊ केरसुणी धुळीसाठी. चांगल्यातली चांगली जमीन धुळीने निसरडी होते.

पटांगणात आता

आज त्या पटांगणात भाच्याची एक सायकल आणि मोहल्ल्यातल्या मुलांच्या तीन जुन्या सायकली असतात. पेग गॅरेजवाल्याने जाड नळीचे तुकडे कापून करून दिले. काही मुले स्केटिंग करतात. रविवारी सकाळचा एक तास मुलींचा आहे. माझी मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी येतात, त्यांच्या अम्मी पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात. सुरुवातीला यावर थोडी कुरबुर झाली, आता मुलींची संख्या वाढते आहे. भाच्याने डाव शिकवताना मराठी शिकून घेतली. "तोल मागे घे", "गुडघा वाकव", "घाबरू नकोस" ही वाक्ये माझ्या व्याकरणाच्या पुस्तकातल्या आज्ञार्थाच्या उदाहरणांपेक्षा त्याला लवकर पाठ झाली. तो त्यांना सायकल शिकवतो आणि ती पोरे त्याला क्रिकेट. क्रिकेट अजून फारसे जमत नाही.

ज्या बुजुर्गांनी नोकरीचा प्रश्न विचारला होता ते असरनंतर खुर्ची टाकून बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी एका मुलाला हेल्मेट नाही म्हणून परत पाठवले. मेस्त्री चाचांकडे दोन तरुण घोटाईचे काम शिकू लागले आहेत. आखातात शिकलेला हात गावातच पुढे चालला, हा या कामाचा आम्ही न मागितलेला फायदा.

आपल्या घराघरांतली मुले मोबाईलवरून उठत नाहीत, अशी तक्रार पालकसभेत दर वेळी होते. मी आता उलट प्रश्न विचारतो: उठून जायचे कुठे? आपल्या मोहल्ल्यात, जमातखान्यामागे, मदरशाच्या बाजूला, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात चोवीस फुटांचा एक तुकडा नक्की असेल. एक गोटी, एक खडू आणि एक बादली पाणी घेऊन जाऊन बघा. आणि जाताना बरोबर मुलांना न्या. जमीन चांगली की वाईट हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

आमच्या पटांगणाची इजाजत लवकरच संपते आहे. मीटिंग होईल, कोणीतरी आवाजाचा मुद्दा काढील आणि तो ऐकून घ्यावा लागेल. त्याआधी पावसाळा आहे. झाडण्याची आणि शेवाळ घासण्याची पाळी मुलांनी जमातखान्याच्या दारामागे लिहून लावली आहे. त्यात पहिल्या आठवड्याला भाच्याचे नाव आहे आणि दुसऱ्याला माझे.